विषय: गावच्या संगणक केंद्राला मदत

नमस्कार मंडळी,

गावाला लॅपटॉप पाठवायचं जवळपास ठरलंय, म्हणून आत्ताच लिहिते. माझ्या मते पैसा आधी केंद्र चालवणाऱ्या माणसाच्या मानधनाला द्यावा.

1998 मध्ये सुरू झालेला वारणेचा प्रकल्प अनेकांना आठवत असेल. कोल्हापूर-सांगलीतली सुमारे 70 गावं संगणकाने जोडायची होती. शेतीसल्ला, बाजारभाव असं बरंच काही मनात होतं. पण शेतकरी मुख्यतः यायचे ते उसाचं वजन आणि बिल बघायला, खताची मागणी नोंदवायला. पुढे काही गावांत हेच काम मोबाइलच्या एसएमएसवर करून पाहिलं, तर तेही चाललं.

वारणेचा प्रकल्प सुरू झाला साधारण त्याच काळात शेतीतज्ज्ञ एम. एस. स्वामिनाथन यांच्या फाउंडेशनने पुदुच्चेरी भागात माहिती केंद्रं काढली. वीरमपट्टिनम हे कोळ्यांचं गाव. तिथलं केंद्र अमेरिकी नौदलाच्या वेबसाइटवरून लाटांच्या उंचीचा अंदाज घ्यायचं आणि तो तमिळमध्ये लाऊडस्पीकरवर सांगायचं. होडी लोटण्याआधी कोळ्याच्या कानावर पडायचं, समुद्र आज कसा आहे ते. कीबोर्डला हात लावायची त्याला गरजच नव्हती. पण रोज ते बघून सांगणारं कुणीतरी गावात होतं, आणि आपल्या योजनेत नेमकं तेच नाही.

---

ताई,

मानधनाचं पटलं. तरी लॅपटॉप मागे ठेवायचे, हे नाही पटत. सातबारा, पीकविमा, दाखले, सगळं ऑनलाइन झालंय. ज्याला स्वतःला अर्ज भरता येत नाही तो ओटीपीसुद्धा दुसऱ्याला वाचून दाखवतो, आणि फसतो. सरकारच्या 2017 च्या ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानाचा अभ्यासक्रम 20 तासांचा होता. एवढ्यात जेमतेम माउसवर हात बसतो. पुढे सरावाला यंत्र नसेल तर शिकलेलं महिन्याभरात जातं. बायकांना तर घरचा फोनही क्वचितच मोकळा मिळतो. त्यांच्यासाठी दुपारची वेळ राखून ठेवायला हवी.

---

दादा,

दुपारच्या वेळेचं मला सुचलंच नव्हतं, ते नक्की घेऊ. मग असं करू: लॅपटॉप दोनच, मराठी कळफलकासह. उरलेल्या निधीतून गावातल्याच एका मुलीला दोन वर्षं मानधन. तिने रोज सकाळी केंद्राबाहेरच्या फळ्यावर लिहायचं: तलाठी आज येणार का, बाजार समितीतला कालचा भाव काय, कोणत्या अर्जाची मुदत संपतेय. दुपारी बायकांचा वर्ग, संध्याकाळी ज्याला हवा त्याला सराव.

मसुदा रविवारपर्यंत पाठवते. कुणाची हरकत असेल तर सभेआधी कळवा.