पाणी कुठवर आलं होतं? बडोद्याच्या भिंतींवरच्या खुणा (अनुभव धागा)

दिवाळीआधी घर रंगवायला काढलं. जिन्याखालच्या भिंतीवर एक मातकट रेघ आहे, २०२४च्या ऑगस्टमधल्या पुराची. पेंटरने विचारलं, "भाई, आ लाइन पण काढी नाखुं?" वहिनी म्हणाली, घासून काढा, रोज बघून जीव घाबरतो. दादा म्हणाला, राहू दे. दोघांचं ठरेपर्यंत मी टेप लावून मोजलं. फरशीपासून तीन फूट सात इंच.

पेपरात आपल्याला एकच आकडा मिळतो, काळाघोडा पुलापाशी विश्वामित्री नदी किती फूट आहे तो. २६ म्हणजे धोक्याची पातळी. त्या आठवड्यात तो ३५च्या वर गेला होता. पण काळाघोड्याला ३० असताना आमच्या गल्लीत किती पाणी असतं, हे कुठेच छापून येत नाही. ते ज्याच्या त्याच्या भिंतीवर असतं आणि दिवाळीला आपणच पैसे देऊन पुसतो.

म्हणून हा धागा. कुठला भाग, पाणी किती आलं, दारातून शिरलं की मोरीतून, आणि ओसरल्यावर वॉर्ड ऑफिसात काय झालं ते लिहा. २०१९, २०१४, २००५, घरातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेलं, सगळं चालेल. पक्ष आणि नगरसेवकांची नावं नकोत. १९ वॉर्ड, ७६ नगरसेवक, एकेकाबद्दल बोलायला बसलो तर पुढचा पावसाळा उजाडेल. भुवे (रस्ता खचून पडणारे खड्डे) आणि रखडती ढोरं (मोकाट गुरं) यांसाठी वेगळा धागा काढू, नाहीतर इथे दुसरं काही उरणारच नाही.
– ओट्यावरून

तळमजला, समा

२६ ऑगस्ट २०२४, सोमवार, जन्माष्टमी. सुंठवडा करून झाला होता, पाळणा सजवला होता. पाऊस सकाळपासून कोसळत होता, पण आमचं सगळं लक्ष फाटकाकडे. रात्री सासरे उठले आणि म्हणाले, संडासातून गुडगुड आवाज येतोय. पाणी दारातून आलंच नाही. आधी संडासाच्या भांड्यातून, मग मोरीच्या जाळीतून काळं पाणी वर आलं. फाटकाला लावायला आणलेल्या वाळूच्या गोण्या आम्ही मोरीवर ठेवल्या. अर्धा तास बरं वाटलं. मग दारातूनही आलं.

खुणेची उंची: ओट्याच्या कडाप्प्याला दोन बोटं कमी. सिलिंडर तरंगतो हे मला माहीत नव्हतं. भरलेलासुद्धा तरंगतो.

वरच्या मजल्यावरच्या बांनी (गुजराती आजींनी) आम्हा पाच जणांना तीन दिवस ठेवून घेतलं. भाखरी, छुंदा, आणि दोरीने वर ओढलेल्या दुधाच्या पिशव्या. पाळणा मात्र सासूबाईंनी स्वतः डोक्यावरून वर नेला, कुणाला हात लावू दिला नाही.

दांडिया बझारातला जुना खांब

आमच्या वाड्यात पाणी कधीच आलं नाही. म्हणजे सांगण्यासारखं काही नाही असं नव्हे. पूर आला की नात्यातले सगळे आमच्याकडे येत, म्हणून माळ्यावर वीस गाद्यांची वळकटी कायम बांधलेली असे. आजोबा १९२७च्या पावसाचं सांगत. ते तेव्हा दहा-अकरा वर्षांचे. पाण्यापेक्षा भिंती पडण्याची भीती जास्त होती, कच्च्या मातीच्या भिंती पाण्यात बसत. रात्री कुठेतरी धप्प आवाज झाला की घरातली माणसं मोजायची, ही पद्धत.

जुनं शहर उंचवट्यावर बसलं ते उगाच नाही. पाण्याची वाट कुठली हे त्या लोकांना कळत होतं. आता नदीच्या मांडीत बंगले बांधायचे आणि मग ती उठली म्हणून रडायचं, हे मला समजत नाही.

वासणा रोड, दुसरा मजला (आता)

काका, तुमचा वाडा उंचावर आहे, छान आहे. आम्हाला फ्लॅट दाखवला तेव्हा ब्रोशरवर कारंजं होतं, कांस नव्हती. बाहेरगावच्यांसाठी सांगते, बडोद्यात पावसाचं पाणी नदीकडे नेणाऱ्या मोठ्या नाल्याला कांस म्हणतात. आमच्या मागची कांस स्लॅब टाकून झाकलेली आहे. तिच्यावर आता गाड्या उभ्या असतात. खाली ती आहे हे आम्हाला पाणी आल्यावर कळलं.

२०१९च्या ३१ जुलैला एका दिवसात सुमारे वीस इंच पाऊस पडला तेव्हा गुडघाभर, २०२४ला कमरेच्या वर. दोन्ही वेळा नदीच्या बाजूने नाही, त्या पार्किंगच्या बाजूने.

तक्रारीचं सांगते. ऑनलाइन नोंदवली, नंबर मिळाला. दोन दिवसांनी मेसेज आला, तक्रार निकाली. पाणी तसंच. पुन्हा नोंदवली, पुन्हा निकाली. चौथ्यांदा सासूबाई म्हणाल्या, मी येते. त्यांनी बिसलेरीच्या बाटलीत पार्किंगमधलं पाणी भरून घेतलं, ऑफिसात साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "साहेब, हे निकाली पाणी आहे, ठेवून घ्या." साहेब हसले, मग हसायचे थांबले. तिसऱ्या दिवशी कांसेचं एक झाकण उघडून गाळ काढला. एकच. बाकीच्या झाकणांवर गाड्या होत्या आणि मालक सापडत नव्हते. त्यात एक गाडी आमचीच होती, हेही लिहायला हवं.

निवृत्त, पाण्याच्या कामातला

चाळीस वर्षं पाण्याच्याच कामात गेली म्हणून थोडं लांब लिहितो. कंटाळा आला तर पुढे जा.

सगळे आजव्याला शिव्या देतात. आजवा सरोवर सयाजीरावांच्या काळातलं, १८९२पासून शहर त्याचं पाणी पितंय. त्याला ६२ दरवाजे आहेत. पावसाळ्यात घराघरांत "आजवा २१२ झालं, २१३ झालं" अशी कुजबुज चालते, ती त्याच्या फुटांची. भरल्यावर जास्तीचं पाणी विश्वामित्रीत येतं हे खरं. पण नदी पावागढच्या डोंगरातून निघते, वाटेत सगळ्या शेतांचं पाणी घेते, आणि शहराखाली जाऊन ढाढर नदीला मिळते. ढाढर भरलेली असली की विश्वामित्रीला जायला जागा नसते. मग ती शहरातच थांबते. पाऊस थांबल्यावरही पाणी का उतरत नाही, याचं हे साधं उत्तर.

आता कांसा. रूपारेल, भूखी, मसिया, ही नावं तुम्ही पेपरात वाचता. कांस नदीला जिथे मिळते तिथे तिचं तोंड एका ठरावीक उंचीवर असतं. नदी त्याच्या वर चढली की कांस उलटी वाहायला लागते. समाच्या ताईंच्या संडासातून आलं ते आणि वासणा रोडच्या पार्किंगमधून आलं ते, दोन्हींचं मूळ हेच. पाणी खाली जायच्या पाइपातूनच वर आलं. गोणी मोरीवर ठेवलीत ते बरोबरच केलंत, पण पाइपावर उलट पाणी अडवणारी झडप बसवा. प्लंबरला सांगितलं की कळतं, खर्च फार नाही.

आणि तिसरं. नदीकाठी कोतरं होती, म्हणजे घळी. पूर आला की जास्तीचं पाणी तिथे जाऊन बसायचं. ती गेल्या तीस-चाळीस वर्षांत बांधकामाच्या राडारोड्याने भरली. कुणी एकाने नाही, ट्रॅक्टर-ट्रॅक्टर करून सगळ्यांनी. माझ्या स्वतःच्या घराचं जुनं छप्पर पाडलं, तो राडारोडा ठेकेदाराने कुठे टाकला हे मी तरी कुठे विचारलं होतं?

झेरॉक्सवाला, वाघोडिया रोड

माझं दुकान म्हणजे पत्र्याची केबिन. दोन झेरॉक्स मशीन आणि एक लॅमिनेशन, तिन्ही बुडाली. खूण शटरच्या कुलपाच्या वर एक वीत.

सरकारने मदत जाहीर केली ती अशी: लारीला (हातगाडीला) ५,००० रुपये, चाळीस चौरस फुटांपर्यंतच्या केबिनला २०,०००, त्याहून मोठीला ४०,०००, आणि पक्क्या दुकानाला ८५,०००, पण त्याला जीएसटीचे कागद. माझी केबिन बाहेरून सात बाय सहा, म्हणजे बेचाळीस. सर्व्हेला आलेल्या भाईने आतून टेप लावली. आतून अडतीस भरली. मी म्हटलं, पत्रा पण माझाच आहे ना? तो म्हणाला, काका, पत्र्यात धंदा नथी थतो.

चार फुटांसाठी वीस हजार गेले. पण खोटं कशाला बोलू, पैसे खात्यात आले. शेजारच्या चहावाल्याने फॉर्मच भरला नाही, त्याला वाटलं यानंतर लारी उठवतील. त्याचंही काही चुकलं नाही.

हॉस्टेलची

माझ्या वाट्याला मगर. फतेगंजकडे मैत्रिणीच्या सोसायटीत पाणी उतरल्यावर पार्किंगमध्ये पाच फुटी मगर निघाली, स्कूटर आणि पाण्याच्या टाकीच्या मधोमध. जंगल खात्याचे आणि प्राणी पकडणारे स्वयंसेवक येईपर्यंत दोन तास गेले. मैत्रिणीची आजी गॅलरीत बसून गजेंद्रमोक्ष म्हणत होती. शेवटी मी विचारलं, आजी, कुणाच्या बाजूने म्हणताय? तर म्हणाल्या, दोघांच्या.

२०२५च्या फेब्रुवारीत शहरातल्या नदीत मगरींची मोजणी झाली, ४४२ भरल्या. मी गावाकडे हा आकडा सांगितला तर कुणी विश्वास ठेवत नाही. एवढ्या मगरींच्या नदीला आम्ही रोज पुलावरून ओलांडून परीक्षेला जातो.

पुण्यातली लेक

आईबाबा कारेलीबागेत, दोघंच. बाबा अठ्ठ्याहत्तर, गणिताचे शिक्षक होते. मंगळवारी संध्याकाळी आईचा शेवटचा मेसेज आला: "बॅटरी ९ टक्के. पोळ्या करून ठेवल्यात. तू जेवून घे." त्यानंतर एकेचाळीस तास काही नाही. मी बडोद्यातल्या अनोळखी माणसांना फोन करत होते. शाळेतल्या मैत्रिणीचा दीर, त्याचा मित्र, त्याच्या मित्राची बोट. बोटवाले गुरुवारी पोहोचले तेव्हा बाबांनी यायला नकार दिला. कारण विचाराल तर हसाल. ते दर तासाला जिन्याच्या भिंतीवर खडूने पाण्याची रेघ ओढत होते आणि बाजूला वेळ लिहीत होते. नोंद मध्येच तुटायला नको होती.

मी नंतर त्या भिंतीचा फोटो काढला. पाऊस मंदावला तिथे बाबांनी "पाऊस कमी" लिहिलंय. त्या रेघेच्या वर अजून सात रेघा आहेत. वरचे निवृत्त काका जे सांगतायत ते आमच्या जिन्यावर खडूने लिहिलेलं आहे.

तो फोटो आणि तारखांचा तक्ता घेऊन बाबा वॉर्डात गेले. काउंटरवरच्या मुलीने बघितला, म्हणाली, सर, मी तुमच्याकडे नववीत होते. अर्ज कुठे गेला माहीत नाही, पण तिने स्वतःच्या फोनमध्ये त्या भिंतीचा फोटो काढून घेतला.

सेक्रेटरी, नाइलाजाने (अकोटा)

सोसायटीत दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून मी. २०२५च्या उन्हाळ्यात शहरातली सुमारे चोवीस किलोमीटर नदी शंभर दिवसांत खोल आणि रुंद करायचं काम निघालं. आमच्या गच्चीवरून जेसीबी दिसायचे. तीन महिने घरात धूळ, पापड वाळवायची सोय नाही. सभासदांचे दोन तट पडले. एकाचं म्हणणं, झालं ते चांगलं झालं. दुसऱ्याचं, काढलेली माती काठावरच थापली आहे, पहिल्या पावसात परत आत जाईल. मी दोन्हींकडच्या सह्या घेऊन एकच अर्ज दिला: मातीचं काय करणार ते लिहून द्या. उत्तर आलं नाही.

२०२५मध्ये आमच्या फाटकाशी पाणी आलं नाही. खोदाईमुळे की पावसामुळे, यावर मीटिंगमध्ये दीड तास वाद झाला. मेंटेनन्स वाढवायचा विषय राहूनच गेला. लोकांनी तो मुद्दाम राहू दिला असा माझा संशय आहे.

दांडिया बझारातला जुना खांब

वासणा रोडच्या ताई, माझं वरचं लिहिणं जरा फटकळ झालं. मुलाने वाचून दाखवलं तेव्हा लक्षात आलं. त्याचा फ्लॅटही तिकडेच आहे, आणि तो घेताना माझीच सही होती. गाद्या अजून माळ्यावर आहेत. नंबर धाग्याच्या मालकांकडे देतो.

ओट्यावरून

समा, वासणा रोड, वाघोडिया रोड, फतेगंज, कारेलीबाग, अकोटा आलं. मांजलपूर, वडसर आणि मुजमहुडाकडचं अजून कुणी लिहिलेलं नाही, तिथेही पाणी बरंच होतं. ओळखीचं कुणी असेल तर हाक मारा. पुण्याच्या ताईंनी जिन्याच्या फोटोवरच्या वेळा टाइप करून द्याव्यात, काळाघोड्याच्या आकड्यांशेजारी मांडून बघू.

आमच्या रेघेचं विचारत होतात. पेंटरने तिच्याभोवती वीतभर जागा सोडून बाकी भिंत रंगवली. वहिनीने दुसऱ्याच दिवशी तिथे खिळा ठोकून कॅलेंडर टांगलं. ऑगस्ट महिना आला की ते उचलून बघायचं, असं दादाने तिच्याकडून कबूल करून घेतलंय.