क्लासिक ३५० वरून मोठ्या गाडीवर जायचंय, ६५० घेऊ की ४०० पुरे? (पुणे)

घाटवेडा_कोथरूड
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज विचारूनच टाकतो. माझ्याकडे रॉयल एनफील्डची क्लासिक ३५० आहे, नव्या जे सिरीज इंजिनची. गाडीला नाव ठेवायला जागा नाही, रस्त्यात कधी बंद पडली नाही, ॲव्हरेज ३५ च्या आसपास देते. रोजचं म्हणजे कोथरूड ते हिंजवडी, चांदणी चौकातून हायवेला लागायचं आणि वाकडपर्यंत रांगत जायचं, आणि अधूनमधून वीकेंडला ताम्हिणीतून कोकण नाहीतर पसरणी चढून महाबळेश्वर. बायको मागे, शिवाय दोन सॅडल बॅगा.

प्रॉब्लेम एवढाच की डबलसीट आणि सामान असलं की खंबाटकीच्या चढावर ट्रकच्या मागे अडकतो, चौथ्यावर पिळतो आणि गाडी नुसता आवाज वाढवते, पुढे काही सरकत नाही. उजवीकडून बाकीच्या गाड्या सुसाट, त्यांच्यात घुसायला जो दम लागतो तो नाही. एकटा असलो तरी ९०-९५ च्या पुढे तिला उगाच राबवतोय असं वाटतं.

डोक्यात तीन आहेत, इंटरसेप्टर ६५०, हिमालयन ४५० (या दोन्ही एनफील्डच्याच) आणि ट्रायम्फ स्पीड ४००. बजेट ऑन रोड चार-सव्वाचार, उंची साडेपाच फूट. आई म्हणते एवढे पैसे घालायचेत तर जुनी चारचाकी घे, तो मुद्दा इथे नको :) शोरूमवाल्याने कोपऱ्यापर्यंत नेऊन आणली त्याला टेस्ट राइड म्हणायचं असेल तर तिन्ही चालवल्यात, त्यातून काय कळणार.

सदाशिवपेठी_काका
खंबाटकीत ट्रक ओव्हरटेक होत नाही म्हणून चार लाख? तिसरा टाकून बघितलास का कधी? तुझ्या गाडीचा २७ एनएम टॉर्क, म्हणजे ओढ, ४००० आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे) आहे आणि २० बीएचपी पॉवर ६१०० ला, म्हणजे चढावर चौथ्यात ६० ला जाताना तू मधेच कुठेतरी लटकलेला असतोस. ओव्हरटेक करायच्या आधीच एक गिअर खाली, ट्रकपासून थोडं अंतर सोडून तिथूनच वेग घ्यायचा, ट्रकच्या ढुंगणाला चिकटून मग पिळायचं नाही. निम्म्या लोकांची ३५० इथेच "कमी पडते".

आणि एक, हायवेला दुचाकीला मर्यादा ८० ची आहे, २०१८ पासून तीच आहे, एक्स्प्रेसवेला तर आपल्याला बंदीच. ८० ऐवजी १०० ला असशील तर ब्रेक लावल्यावर थांबायला दीडपटीहून जास्त रस्ता लागतो, आणि ब्रेक लावायचं डोक्यात येईपर्यंत एका सेकंदात २८ मीटर गेलेले असतात ते वेगळेच. कात्रजच्या नवीन बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना मागून न्यूट्रलला सोडलेला ट्रक येत असतो तिथे ४७ बीएचपी काय कामाची ते सांगा मला.

ट्विन_वाकड
काका तुमचा तिसऱ्या गिअरचा मुद्दा शंभर टक्के मान्य, पण भावाकडे मागे बायको आहे आणि बॅगा आहेत, २० बीएचपीला गिअर खाली टाकूनही शेवटी २० च मिळतात. आणि जास्त पॉवर म्हणजे जास्त स्पीड असं का धरता? मी ६५० वर ८० लाच चालवतो, फरक एवढाच की ६० वरून ८० ला जायला विचार करावा लागत नाही आणि उलट्या बाजूने कमी वेळ राहतो. घाटात ते महत्त्वाचं.

आता घाटवेडा तुला खरं सांगतो, कारण शोरूममध्ये हे कोणी सांगणार नाही. ६५० हायवेला स्वर्ग आहे. ट्विन सिलेंडर, ५२ एनएम, सहावा टाकला की १०० ला पण शांत, हात झिणझिणत नाहीत, डबलसीट असल्याचं विसरायला होतं. युरोपात नव्या पोरांना जे मधलं लायसन्स मिळतं त्यात ३५ किलोवॅटपर्यंतची गाडी चालते आणि ही त्यात बसते, म्हणजे तिकडे ही काही राक्षस वगैरे धरत नाहीत, तेव्हा पॉवरला घाबरू नको, हळू हळू थ्रॉटल दिला की गुणी आहे.

घाबरायचं असेल तर वजनाला घाबर. भरलेल्या टाकीसकट २१७-२१८ किलो. तुझी क्लासिक १९५, तुला वाटेल वीस किलोत काय मोठं, पण आमच्या सोसायटीचं पार्किंग तळघरात आहे, उताराकडे तोंड करून लावली की सकाळी मागे ओढताना म्हशीला गोठ्यात वळवल्यासारखं होतं, ती तिच्या मर्जीने. मी आता आल्यावरच उलटी लावतो, वॉचमन हसतो. दुसरं म्हणजे फूटरेस्ट. सिग्नलला पाय टेकवले की नडगी किंवा पोटरी बरोबर त्याच्यावर येते, ट्रॅफिकमध्ये गाडी पायाने ढकलत पुढे घेताना सतत ठोकते. तू रोज वाकडच्या पुलाखाली हेच करणार आहेस. तिसरं, एअर-ऑइल कूल्ड आहे, एप्रिल-मे मध्ये भूमकर चौकात उभा राहिलास की मांड्या शेकतात. ॲव्हरेज सिटीत २२-२३, हायवेला २७ वगैरे, आणि टाकी १३.७ लिटरचीच, पंपाशी दोस्ती होते.

मी विकणार आहे का? नाही. पण मी ऑफिसला ॲक्टिव्हा नेतो.

नारायणगावची_रायडर
ट्विनदादांनी शेवटच्या ओळीत सगळं सांगून टाकलं :)

घाटवेडा दादा, माझ्याकडे स्पीड ४०० आहे, उंची तुमच्यापेक्षा कमीच. जरा आकडेमोड करा, कागदावरचीच. क्लासिकमध्ये टनामागे १०० बीएचपीच्या आसपास पडतात. स्पीड ४०० चं वजन १८० च्या आत आणि पॉवर ४० च्या जवळ, म्हणजे टनामागे २२० वगैरे. ६५० चं काढलं तर तेही २१५ च्या घरातच येतं. म्हणजे एकटे असाल तर दोन्हींची ओढ जवळपास सारखी, आणि माझी गाडी जवळजवळ ४० किलो हलकी. खरा फरक कुठे पडतो तर तुम्ही दोघं अधिक बॅगा असं दीडशे किलो वर चढवलं की. तेव्हा ६५० किंचित पुढे जाते, आणि तिचा टॉर्क जास्त आहे, माझा ३७.५ आणि तोही ६५०० ला, त्यामुळे मला घाटात गिअर जास्त बदलावे लागतात. ४०० ला आळशीपणा चालत नाही, क्लासिकची सवय असलेल्याला पहिले काही दिवस ही गाडी चिडकी वाटते.

अजून एक, तुमच्या बायकोला बसवून बघा, त्यांना विचारा. माझ्या बहिणीला मागची सीट तासाभरात नको होते, क्लासिकची रुंद सीट सवयीची असेल तर नक्की बोलणी खाल. हिमालयन ४५० ला मागे बसायला जागा मस्त आहे, १७ लिटरची टाकी, कोकणातल्या रस्त्यांना सस्पेन्शन पण तेच लागतं, पण सीट ८२५ मिमी उंच, तुमच्या क्लासिकची ८०५. साडेपाच फुटाला सपाट रस्त्यावर चालेल, ताम्हिणीत कडेला उतारावर थांबलात आणि डावा पाय खड्ड्यात गेला तर मागे बसलेल्यासकट आडवे. पावसात तिथे कडेला शेवाळ असतं हे तुम्हाला माहितीच असेल.

चाकणचा_पोऱ्या
ड्यूक ३९० घे, आपल्या चाकणमध्येच बनते. विषय संपला

नारायणगावची_रायडर
@चाकणचा_पोऱ्या स्पीड ४०० पण चाकणमध्येच बनते रे. आणि ड्यूकच्या मागच्या सीटवर तू स्वतः बसून कोल्हापूरला जाऊन ये मग बोल

घाटवेडा_कोथरूड
सगळ्यांचे आभार. काका, तिसऱ्याचं करून बघतो, पण खरं सांगू का, नवीन गाडी घ्यायचीच आहे, फक्त कुठली ते ठरत नाहीये :)

पार्किंगचं वाचून जरा टरकलो, आमचं पण उताराचंच आहे. ॲक्टिव्हा ठेवून ६५० घ्यायची म्हणजे दोन गाड्या, दोन इन्शुरन्स. आणि क्लासिक एक्स्चेंजला दाखवली तर इतका कमी आकडा सांगितला की मला वाटलं चुकून फोनचा सांगतायत.

नाना_पेठ_रिटर्न्स
आकडा कमी का सांगितला त्याचं कारण आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ झाला, त्यामुळे नवीन क्लासिकच स्वस्त झाली, मग जुनीला कोण जास्त देणार. आणि ३५० च्या वरच्या गाड्यांना आधी २८ अधिक ३ सेस असा ३१ टक्के होता तो थेट ४० झाला. म्हणजे तू नेमका उलट्या बाजूने निघालायस, स्वस्त झालेली विकायची आणि महाग झालेली घ्यायची. काही कंपन्या ४०० वाल्यांची वाढ स्वतः सोसतात, काही नाही, त्यामुळे पेपरातल्या किमतीवर जाऊ नको, ऑन रोडचं कोटेशन लेखी घे आणि त्यात "हँडलिंग", "ॲक्सेसरी पॅक" असलं काय घुसवलंय ते बघ. मला एका ठिकाणी लेग गार्ड, सारी गार्ड आणि टाकीचं कव्हर सक्तीचं म्हणून लावलं होतं, नको म्हटलं तर डिलिव्हरी पुढे ढकलली. तेच लेग गार्ड नाना पेठेत किती कमीत मिळतं ते विचारून बघ फक्त.

इन्शुरन्स पण धर. थर्ड पार्टीचा २०२२ चा दर बघ, १५० ते ३५० सीसीला वर्षाला १३६६, आणि ३५० च्या वर गेलास की सरळ २८०४. नवीन गाडीला पाच वर्षांचा एकदम भरावा लागतो, तो ७३६५ च्या जागी १५११७. तू ४०० घे नाहीतर ६५०, यात फरक नाही, ३५० ची रेघ ओलांडली की ओलांडली.

म्हणून माझं मत, जुनी ६५० बघ. नव्याला ४० टक्के भरण्यापेक्षा ज्याने ३१ भरलाय त्याच्याकडून घे. इंजिन २०१८ च्या शेवटी आलंय, आता सगळ्या मेकॅनिकना पाठ झालंय. पुण्यात अशा गाड्या ढिगाने आहेत, हौसेने घेतात, दोनदा लोणावळ्याला जातात आणि मग कव्हर घालून ठेवतात, ट्विनभाऊने सांगितलेली पार्किंगची कसरत झेपत नाही ना.

घाटवेडा_कोथरूड
हे डोक्यातच नव्हतं. जुनी बघताना काय काय बघू? मला इंजिनमधलं फार कळत नाही.

नाना_पेठ_रिटर्न्स
इंजिन थंड असताना जा, आधीच सांगून ठेव की गरम करून ठेवू नका. हात लावून बघ, गरम असेल तर समज काहीतरी लपवतोय. पुढचं चाक उचलून (मेन स्टँड आहे तिला, मागे एकाला बसव) हँडल हळू डावीकडून उजवीकडे फिरव, मधोमध अडकल्यासारखं झालं तर कोन सेट (हँडलचं बेअरिंग) गेलाय. पुढच्या फोर्कच्या नळ्यांवर तेलाची रेघ म्हणजे फोर्क सील गेलंय. चेन मागच्या स्प्रॉकेटवरून ओढून बघ, दात दिसायला लागले तर चेन-स्प्रॉकेटचा पूर्ण सेट धर आणि तेवढे पैसे कमी कर. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, कव्हर घालून ठेवलेल्या गाडीचे टायर जाडीला नवे दिसतात पण रबर कडक झालेलं असतं, पावसात घसरतं. स्पोकची चाकं असतील तर आत ट्यूब आहे, पंक्चर झालं की चाक खोलावं लागतं, ताम्हिणीत कोण येणार आहे काढायला? २०२३ पासून अलॉय आणि ट्यूबलेसवाली आली, थोडे जास्त गेले तरी तीच बघ.

सायलेन्सर बदललेला असेल तर ओरिजिनल मागून घे, नसेल तर गाडी सोड. पोलीस असले सायलेन्सर जप्त करून त्यावर रोड रोलर फिरवतात, फोटो बघितलेच असशील. आरसीवर बँकेचा बोजा आहे का आणि चलन किती थकलीत हे नंबर टाकून आधीच बघून घे.

ट्विन_वाकड
आणि पैसे देण्याआधी एक कर. भाड्याने मिळतात ६५० पण आणि हिमालयन पण, एक दिवस घे. ताम्हिणीला नेऊ नको, तिथे सगळ्याच आवडतात. सोमवारी संध्याकाळी हिंजवडी फेज टू मधून सहाला बाहेर काढ, कोथरूडला ने, आणि तुमच्या त्या उताराच्या पार्किंगमध्ये लाव. सकाळी परत काढ.

सदाशिवपेठी_काका
आणि ती काढताना वॉचमनला धरायला सांगू नकोस, रोज नसतो तो.

घाटवेडा_कोथरूड
ठरलं, पुढच्या सोमवारी ६५० आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात स्पीड ४०० भाड्याने मिळते का बघतो. बायको दोन्हीवर बसायला तयार आहे, फक्त म्हणाली की हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये मी येणार नाही, तुझं तू बघ.