मदत हवी आहे: मेपलच्या रानात रस ओढणाऱ्या साइड-बाय-साइडचा बेल्ट पुन्हा पुन्हा जळतो

मंडळी, नमस्कार.

अमेरिकेत व्हर्मॉन्टच्या उत्तर भागात डोंगरउतारावर आमचं मेपलचं लहानसं रान आहे. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत रात्री गोठवणारी थंडी आणि दिवसा शून्याच्या वर तापमान, असं जोवर चालतं तोवर झाडांना रस सुटतो. साधारण ४० गॅलन रस आटवला की एक गॅलन पाक मिळतो, म्हणजे ओढायचं ते बहुतेक पाणीच. वरच्या अंगाचा रस नळ्यांतून आपोआप खाली येतो. खोलगट भागातला मात्र टाकीत भरून चढावरून भट्टीपर्यंत आणावा लागतो, आणि त्यासाठी साइड-बाय-साइड वापरतो. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: शेजारी शेजारी दोन सीट, स्टिअरिंग, डोक्यावर लोखंडी पिंजरा, मागे हौदा आणि चारही चाकांना ताकद देता येणारी ही कामाची गाडी. हिवाळ्यात पुढे पातं लावून तिनेच बर्फ लोटतो.

गाडी मधल्या आकाराची, पेट्रोलवर चालणारी, बेल्टच्या ऑटोमॅटिकची: इंजिनाकडचा पुढचा क्लच आणि चाकांकडचा मागचा क्लच यांच्या चकत्यांमधून फिरणारा रबरी बेल्ट ताकद पोहोचवतो. जुनी घेतलेली आहे. मीटरवर ५२० तास आणि २,१०० मैल दिसतात. मागच्या हंगामात रस ऐन भरात असताना बेल्ट जळाला. नवा टाकला, तो या हिवाळ्यात गेला. हौद्याची मर्यादा ५०० पौंड, म्हणजे २२७ किलो. टाकी ६५ गॅलनची, ती काठोकाठ भरली तर २४५ किलोंच्या आसपास जाते, म्हणून पाऊण भरतो. चढावर नेहमी लो गिअर आणि फोर व्हील. तरीही बेल्टच्या कव्हरमधून जळक्या रबराचा वास येतो.

ज्या गॅरेजमध्ये नेली तिथे 'बेल्ट म्हणजे झिजणारीच वस्तू' एवढंच सांगून नवा बेल्ट चढवून दिला. क्लच उघडून कोणी पाहिले नाहीत. याचा मला मनापासून त्रास होतो, कारण हंगाम आमच्यासाठी थांबत नाही. गुऱ्हाळावर उसाचा रस काहिलीत पडायला उशीर झाला की जे होतं तेच इथेही होतं; ऊन चढलं की टाकीतला रस गढुळतो आणि पाक काळा पडतो.

कारण कसं शोधायचं? आणि हे काम बेल्टच्या गाडीचं नाहीच, असं तुम्हाला वाटतं का? बिनबेल्टची जुनी गाडी घ्यायची झाली तर काय पाहून घ्यावी?

प्रतिसाद, मिनेसोटाहून

जळालेला बेल्ट फेकला नसेल तर आधी तो नीट बघा, निम्मं निदान त्यावरच होतं. एकाच जागी खोलगट जळाला असेल तर गाडी अडकलेली असताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला गेला: चाकं फिरत नव्हती आणि पुढचा क्लच त्याच जागी घासत राहिला. दोन्ही कडा सगळीकडून काचेसारख्या गुळगुळीत झाल्या असतील तर बेल्ट सतत थोडाथोडा घसरतोय आणि तापतोय. एकाच बाजूची कड उसवली असेल तर पुढचा आणि मागचा क्लच एका रेषेत नाहीत.

तासांवरूनही बरंच कळतं. २,१०० मैलांना ५२० तास म्हणजे सरासरी वेग ताशी चार मैल. तुमच्या गाडीचं आयुष्य संथ, जड कामात गेलंय. अशा गाडीची देखभाल मैलांवर कधीही धरू नका, तासांवरच धरा.

धागाकर्ता

बेल्ट जपून ठेवलाय. दोन्ही कडा चकाकतात, शिवाय एक कड थोडी उसवलेली आहे. कव्हरच्या आत काळी भुकटी होती.

प्रतिसाद, मिनेसोटाहून

मग दोन गोष्टी एकत्र असणार.

पहिली, हवा. बेल्टच्या कव्हरला थंड हवा आत घेणारी एक आणि गरम हवा बाहेर टाकणारी एक अशा दोन नळ्या असतात. पुढचा क्लच पंख्याचंही काम करतो. आत येणारी नळी पानांनी, चिखलाने किंवा उंदरांच्या घरट्याने अर्धी जरी बुजली तरी लो गिअर लावूनही बेल्ट शिजतो, कारण संथ चालीत मुळात हवा कमी फिरते. नळी दोन्ही टोकांनी काढा आणि आरपार बघा. जाळी असेल तर धुवा.

दुसरी, रेष. मागच्या क्लचचं बुशिंग (चकती ज्यावर सरकते ती आतली बाही) झिजलं की त्याची सरकती चकती डगमगते. चकती हाताने धरून हलवा; ठळक खडखड जाणवली तर बुशिंग गेलं. इंजिन ज्यावर टेकलेलं असतं ते रबरी माउंट बसले असतील तर ओझ्याखाली इंजिन तिरकं होतं आणि उभ्या गाडीत बरोबर दिसणारी रेष चढावर बिघडते. नुसता बेल्ट बदलून हे कधीच बरं होत नाही. चकत्यांवर चिकटलेलं रबर स्वच्छ केल्याशिवाय नवा बेल्ट चढवू नका. चकत्यांच्या तोंडावर ग्रीस किंवा तेलाचा थेंबही लागता कामा नये.

वितळलेल्या बर्फाच्या डबक्यातून गेल्यावर बेल्ट ओला होऊनही घसरतो. कव्हरखाली पाणी काढायचा बूच असतो, तो काढा. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन थोडा वेळ वाढवा, आतलं पाणी उडून जातं.

प्रतिसाद, ओंटारियोहून

उंदरांबद्दल वर लिहिलंय ते अगदी खरं आहे. आमच्याकडे गाडी हिवाळाभर गोठ्यात उभी असते आणि एअर फिल्टरच्या डब्यात दरवर्षी गवत, कापूस सापडतो. वायरींनाही दात लागतात. उभी करण्याआधी नळ्यांची तोंडं बारीक जाळीने झाका आणि चालू करण्याआधी ती काढल्याची खात्री करा. पेट्रोलमध्ये बहुधा १० टक्क्यांच्या आसपास इथेनॉल असतं, म्हणून टाकी भरून स्टॅबिलायझर (पेट्रोल खराब होऊ न देणारं द्रव) टाका आणि तो इंजिनापर्यंत पोहोचावा म्हणून इंजिन थोडा वेळ चालवा. बॅटरीला बारीक चार्जर लावून ठेवा.

आणखी एक. चिखल धुताना प्रेशर वॉशर रेडिएटरवर आणि बेअरिंगच्या सीलवर धरू नका. रेडिएटरच्या पात्या वाकतात, चिखल आणखी आत बसतो. साध्या नळाने, इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने धुवा. त्याच वेळी अ‍ॅक्सलचे रबरी बूट, म्हणजे सांध्यांवरची ग्रीस धरून ठेवणारी आवरणं, पाहा. बूट फाटलेला आठवडाभरात दिसला तर बूट आणि ग्रीसवर भागतं, महिन्याने दिसला तर अख्खा अ‍ॅक्सल जातो.

प्रतिसाद, ओहायोहून

गाडी बदलण्याबद्दल लिहितो, कारण मी बेल्ट सोडून दुसरीकडे गेलोय. पर्याय मुख्यतः तीन आहेत.

कुबोटाची आरटीव्ही-एक्स मालिका: डिझेल आणि हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी. ताशी २५ मैलांच्या आसपासच धावते, पण तुमच्या कामाला वेग लागतोच कुठे? उतारावर पाय उचलला की गाडी स्वतःच आवरते. भरलेली टाकी मागे असताना याचं मोल फार. व्हर्मॉन्टच्या थंडीत हिवाळी डिझेल मात्र लागेल, साधं डिझेल गोठून फिल्टर तुंबतो.

होंडाच्या पायोनिअर १००० मध्ये सहा गिअरचं ड्युअल क्लच आहे, बेल्ट नाही. तिथे ऑईल आणि फिल्टर वेळेवर बदलणं हीच सगळी देखभाल, त्यात हयगय चालत नाही.

तिसरा आपल्याकडचा, महिंद्राचा रॉक्सर. २०१८ पासून मिशिगनमध्ये बनवला गेला. अडीच लिटरचं टर्बो डिझेल आणि हाताने टाकायचे पाच गिअर. जीपसारख्या दिसण्यावरून खटला झाला आणि २०२० मध्ये पुढचा भाग बदलावा लागला, पण यंत्र म्हणून साधं आणि दणकट आहे. रानातल्या अरुंद वाटांना तो जड पडेल, म्हणून तुम्हाला मी तो सुचवणार नाही.

यामाहाच्या कामाच्या गाड्यांत बेल्ट असतो, पण तो कायम ताणलेला राहतो आणि गाडी सुटतानाची घसरण तेलातला वेगळा क्लच सोसतो. बेल्ट हवाच असेल तर मला ती रचना जास्त पटते.

जुनी घेताना एअर फिल्टरचा डबा उघडून फिल्टरच्या *आतल्या* बाजूला, इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत, बोट फिरवा. बोटाला धूळ लागली तर सौदा सोडा, ते इंजिन आतून घासलं गेलंय. आणि गाडीच्या चेसिस नंबरावरून रिकॉल तपासा. एप्रिल २०१६ मध्ये पोलारिसने आगीच्या धोक्यामुळे सुमारे १,३३,००० आरझेडआर गाड्या परत बोलावल्या होत्या आणि धोका वेळेवर न कळवल्याबद्दल २०१८ मध्ये २.७२५ कोटी डॉलर दंड भरला. जुन्या मालकाने रिकॉलचं काम करून घेतलंच असेल असं धरून चालू नका.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. काल कव्हर उघडलं. आत येणाऱ्या नळीच्या वळणावर गवताचा घट्ट बोळा होता, आणि मागच्या क्लचची चकती धरून हलवली तर स्पष्ट खडखडते. बुशिंग मागवलंय. माउंट ठीक दिसतात. या हंगामात हीच गाडी चालवतो; कुबोटा घ्यायची की नाही ते एप्रिलनंतर, घाई नसताना पाहीन. नव्या बेल्टला लगेच टाकीचं ओझं द्यावं का?

प्रतिसाद, मिनेसोटाहून

नको. पहिले पन्नासेक मैल मोकळी गाडी, वेग कमीजास्त करत, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर न दाबता चालवा. तुमच्याकडे एवढे मैल एका आठवड्यात होणार नाहीत, म्हणून बुशिंग आलं की फेब्रुवारीची वाट न पाहता लगेच बेल्ट चढवा आणि रोजची बारीक कामं त्यावर काढा. जुन्यांपैकी कमी जळालेला बेल्ट आणि क्लचचं हत्यार सीटखाली ठेवा. ओझं सुरू केल्यावर पहिल्या काही खेपांनंतर कव्हरला हात जवळ नेऊन बघा. आधीसारखंच तापत असेल तर इथे लिहा, मग पुढच्या क्लचचे रोलर आणि वजनं उघडून पाहू.