रोटाव्हेटरला काळा धूर: मोठा टर्बो बसवावा का?

रावेरकर: राम राम मंडळी. ५० एचपीचा टर्बो-इंटरकूलर (हवा दाबून, थंड करून इंजिनात भरणारा) ट्रॅक्टर, डिझेलचा पंप मेकॅनिकल. केळी काढलेल्या शेतात रोटाव्हेटर लावला की आरपीएम १८००वरून १४००वर येतो आणि सायलेन्सर काळा धूर फेकतो. दुपारी जास्तच. मेकॅनिक म्हणतो, मोठा टर्बो टाका आणि पंप वाढवा, म्हणजे डिझेल जास्त सोडा. करावं का?

डिझेलवाला_भुसावळ: नका करू दादा. काळा धूर म्हणजे डिझेल भरपूर, हवा कमी. एक किलो डिझेल जळायला हिशेबाने साडेचौदा किलो हवा लागते; पण सिलिंडरात मिश्रण सगळीकडे सारखं होत नाही, म्हणून धूर टाळायला त्याहून बरीच जास्त द्यावी लागते. त्यात ४५ अंशांची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ६ टक्के विरळ. दुपारचा धूर त्यानेच वाढतो. अशात पंप वाढवला तर एक्झॉस्ट आणखी तापेल आणि पिस्टनचा माथा आणि टर्बाइन (टर्बोचं एक्झॉस्टने फिरणारं चाक) दोन्ही धोक्यात येतील.

मोठ्या टर्बाइनला फिरायला एक्झॉस्टही जास्त लागतो. तुमचा आरपीएम पडतो नेमका तेव्हाच बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) पडेल, म्हणजे धूर वाढणारच. लहान टर्बाइन १४००लाही दाब धरतं. वरच्या आरपीएमला मात्र एक्झॉस्ट अडवतं, तेवढं डिझेल वाया जातं. ट्रॅक्टरला खालची ओढ महत्त्वाची, म्हणून कंपनीने बसवलेलाच ठेवा.

तापीकाठ: आधी हवेची वाट तपासा. एअर फिल्टरचं बाहेरचं एलिमेंट आतून बाहेर, कमी दाबाच्या हवेने झटका. आतलं सेफ्टी एलिमेंट धुवायचं नाही, बदलायचं. मग टर्बोपासून मॅनिफोल्डपर्यंतचे (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीपर्यंतचे) होज बघा: क्लॅम्पापाशी तेलकट काळा डाग दिसला तर तिथून बूस्ट गळतोय. इंटरकूलरच्या जाळीत भुसा अडकतो, तोही काढा. ०.८ बार बूस्टला टर्बोतून निघणारी हवा आपल्या उन्हात १२० अंशांच्या वर जाते. ती थंड झाली नाही तर दाब असूनही हवा कमीच भरते.

रावेरकर: डाग आहे भाऊ, इंटरकूलरच्या वरच्या होजला. टर्बोचा शाफ्टही हातानं थोडा हलतो.

डिझेलवाला_भुसावळ: होज-क्लॅम्प बदला, धूर बराच कमी होईल. शाफ्ट आडवा किंचित हलणं चालतं, बेअरिंग तेलावर तरंगतं. पुढे-मागे हललेला हाताला जाणवला किंवा चाकाची पाती टर्बोच्या कवचाला घासली, तरच टर्बो उघडा. आणि लोडवरून आल्यावर दोन-तीन मिनिटं आयडलला (लोड न देता, हळू चालू) ठेवून मगच बंद करा. एकदम बंद केला तर तापलेल्या बेअरिंगमधलं ऑइल जळून कोळसा धरतं.