भाडेकरू कोण ठेवायचा हे कमिटी ठरवणार?

दुसरा मजला, उजवीकडे
माझा वन-बीएचके दोन नोकरदार मुलींना भाड्याने दिला. करार रजिस्टर केला, पोलिसांकडे माहिती भरली, सगळ्याच्या झेरॉक्स सेक्रेटरींना नेऊन दिल्या. चौथ्या दिवशी बोर्डावर कागद: 'बॅचलर भाडेकरूंस सक्त मनाई. सर्वानुमते ठराव.' सामानाचा टेम्पो गेटवरच अडवला. वॉचमन बिचारा म्हणतो, "साहेब, मला वरून सांगितलंय." कूलर आणि दोन गाद्या तासभर रस्त्यावर.

आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीची सरकारी नमुना नियमावली) सभासदाने आठ दिवस आधी सोसायटीला फक्त कळवायचं असतं. परवानगी मागायचीच नाही. वर मला नॉन-ऑक्युपन्सी, म्हणजे घर भाड्याने दिल्याबद्दलची जादा आकारणी, लावली महिना हजार रुपये! शासनाच्या २००१ च्या आदेशानुसार ती सेवाशुल्काच्या १० टक्क्यांच्या वर नेता येत नाही, आणि सेवाशुल्कात महापालिकेचा कर धरत नाहीत. माझं सेवाशुल्क १,९०० आहे. म्हणजे १९० रुपये. हजार कुठून आले?

माजी सेक्रेटरी
नॉन-ऑक्युपन्सीबद्दल तुमचं बरोबर आहे, तिथे कमिटी चुकलीच. पण बाकीच्या गोष्टीची दुसरी बाजूही ऐका. मी सहा वर्षं सेक्रेटरी होतो, फुकट. रात्री दोन वाजता भाडेकरूंच्या पार्टीवरून फोन कोणाला येतो? घरमालकाला नाही, तो परगावी. पोलीस आले की खाली कोण उतरतं? लिफ्ट अडकली, टाकी ओव्हरफ्लो झाली, कमिटी. कमिटीच्या निर्णयांना सगळे सदस्य संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्या जबाबदार. घरमालक भाडं खातो, निस्तरायचं आम्ही. मग थोडा शब्द आमचा चालला तर बिघडलं कुठे?

कायदा नको, पाणी द्या
शब्द जरूर चालू दे. पण शब्द आणि ठराव यात फरक आहे. 'सर्वानुमते' म्हणजे आमच्याकडे बावीस जण आणि वडापाव. सर्वसाधारण सभा कायद्याच्या वर नसते. पार्टी झाली तर त्या पार्टीवर कारवाई करा. मुलगी एकटी राहते यात उपद्रव कसला?

खजिनदार
तिघेही भाड्यात अडकलात. खरी डोकेदुखी थकबाकी. आमच्याकडे एकाने तीन वर्षं एक पैसा भरला नाही. गाडी मात्र नवी घेतली, माझ्याच डोळ्यांसमोर पेढे वाटले. व्याज लावा म्हणाल, तर उपविधींत कमाल २१ टक्के, तेही सरळव्याज. वसुली दाखला म्हणजे सहकारी संस्था कायद्याचं कलम १५४ब-२९ (पूर्वीचं १०१): सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे अर्ज, उतारे, ठराव, नोटिसा, तारखा. दाखला मिळाला की जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. कागदावर भारीच आहे. पण तोवर लिफ्टचं कंत्राट, पंपाचं बिल, वॉचमनचा पगार, हे कोणाच्या खिशातून? शेवटी गच्चीवर जाऊन त्याचा व्हॉल्व्ह बंद करावासा वाटतो, खरं सांगतो.

कायदा नको, पाणी द्या
आणि आमच्याकडे तो केलाच होता बंद. म्हणून तर हे नाव घेतलंय. थकबाकी सासऱ्यांच्या नावावर, घरात बाळंतीण. दोन दिवस पाचव्या मजल्यावर बादल्या चढवल्या, कारण लिफ्टही आमच्यासाठी 'बंद' होती. वकिलाची एक नोटीस गेली आणि व्हॉल्व्ह उघडला. पाणी तोडायचा हक्क सोसायटीला नाही. पैसे आम्ही नंतर भरले, व्याजासकट. ते देणं आमचं होतंच.

खजिनदार
व्हॉल्व्हबद्दल बोललो ते माघारी घेतो. पण एक विचारतो: ती नोटीस आली नसती तर पैसे भरले असते का?

माजी सेक्रेटरी
(खजिनदार, हा प्रश्न नको होता.)

कायदा नको, पाणी द्या
भरले नसते, लगेच तरी. हात आखडलेला होता. हप्ते मागितले होते, कमिटीने 'एकरकमी किंवा काही नाही' म्हणून सांगितलं. हप्ते दिले असते तर दोघांचाही वकील वाचला असता.

दुसरा मजला, उजवीकडे
मूळ मुद्द्यावर येतो. आज सेवाशुल्काचा तपशील लेखी मागितला. कलम १५४ब-८ प्रमाणे सभासदाला हिशेब आणि इतिवृत्त पाहायचा हक्क आहे. सेक्रेटरी म्हणाले, "एवढं कशाला, एक चहा घेऊ." चहा घेतला. इतिवृत्ताची वही काढली. त्या 'सर्वानुमते' ठरावाखाली सूचक, अनुमोदक दोन्ही तेच, आणि सभेची तारीख रिकामी.

माजी सेक्रेटरी
तारीख रिकामी? मग त्या ठरावाची बाजू मी घेत नाही. मुलींना येऊ द्या. पण त्यांचे फोन नंबर आणि तुमचा नंबर, दोन्ही वॉचमनकडे लिहून ठेवा. रात्री दोनला फोन तुम्हालाच येईल.

दुसरा मजला, उजवीकडे
मान्य. कूलर वर गेला एकदाचा.