चिलापीने तळं भरलंय, मरळ सोडू का?

मुळशीकर: पौडजवळ १० गुंठ्यांचं मातीचं तळं, पाणी ६ फूट, गळ टाकायला केलेलं. कटला-रोहू सोडले होते, त्यात चिलापी (तिलापिया) शिरली. आता गळाला चार बोटांएवढीच लागते. अमेरिकेत ब्लूगिल या छोट्या माशावर बास हा शिकारी मासा सोडतात, तसं इथे मरळ चालेल का?

पाणवठा: चालेल, पण आधी जाळं ओढा. मरळ तोंडात मावेल तेवढंच गिळते. काटे उभारलेली चार बोटांची चिलापी वीतभर मरळीला जात नाही. ती पिल्लं संपवेल, मोठी चिलापी तुम्हीच काढायची.

हे काम डिसेंबर-जानेवारीत करा. पाणी २० अंशांखाली गेलं की चिलापीची वीण थांबते. पाणी ३ फुटांवर आणून अर्ध्या इंची आसाचं (भोकाचं) जाळं ओढा, आठ दिवसांनी पुन्हा. जाळ्याच्या खालच्या कडेची शिशाची दोरी तळाला घासतच गेली पाहिजे, जरा उचलली की मासळी खालून निसटते. इतर दिवसांत मादी हातात धरली की तोंडातली पिवळी अंडी ओकते, म्हणून मासळी काठावर नको, लांब टोपल्यात टाका.

मरळ ६-८ इंची, सगळी एका मापाची घ्या, नाहीतर एकमेकींनाच खातात. तुमच्या तळ्याला ७०-८० पुरेत. यापुढे कटला-रोहूही वीतभर झालेलेच सोडा. आणि मरळीऐवजी मागूर मासा म्हणून थाई मागूर कोणी दिला तर घेऊ नका, त्यावर देशात बंदी आहे.

काठावरचा: पावसात मरळ बांधावरून सरपटत निघून जाते. ३ फुटी जाळी लावा, खालची कड अर्धा फूट मातीत गाडा. सांडवाही विसरू नका. गळाला लागलेली चिलापी कितीही बारीक असो, परत सोडू नका. मरळ मात्र सोडा. लोक नेमकं उलटं करतात, मोठी मरळ घरी आणि बारीक चिलापी पाण्यात. तळं तिथेच बिघडतं.

मुळशीकर: मासे मारणारी मोहाची पेंड टाकून सगळंच साफ केलं तर?

पाणवठा: घनमीटरला २५० ग्रॅम लागते, म्हणजे पाणी ३ फुटांवर आणलं तरी २३० किलो. कटलाही मरेल आणि पुढचे तीन आठवडे बी (माशांची पिल्लं) सोडता येणार नाही. त्याआधी चिलापी आली कुठून ते बघा. ओढ्याचं पाणी घेत असाल तर पाइपच्या तोंडाला मच्छरदाणीच्या कापडाची दुहेरी पिशवी बांधा आणि रोज झटका, गाळाने भरली की फाटते.