मदत हवी आहे: ट्रॅव्हल सॉकरमध्ये रोस्टरवर (टीमच्या यादीत) नाव आहे, पण लेकीला खेळायलाच मिळत नाही

जर्सीतली आई

नमस्कार मंडळी. इथे सॉकरवाले आईबाबा बरेच आहेत असं जुन्या धाग्यांवरून दिसतंय, म्हणून विचारतेय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आम्ही सेंट्रल न्यू जर्सीत असतो. लेक ऑक्टोबर 2013 ची, सध्या अंडर 13, क्लबच्या बी टीममध्ये. ट्रॅव्हल सॉकर म्हणजे निवड होऊन क्लबतर्फे इतर गावांच्या टीमशी खेळायचं. गेल्या वर्षीपर्यंत नऊ-नऊ जणींचा खेळ होता, तेव्हा सगळं छान चाललं होतं. यंदा अकरा-अकरा सुरू झालं, मैदान मोठं झालं, टीममध्ये सोळा मुली झाल्या आणि ही बाकावर गेली. प्रॅक्टिस बुडवत नाही, उलट आम्हालाच घाई करते. सामन्यात मात्र दहा-बारा मिनिटं मिळाली तर नशीब.

त्यात आता नवीन प्रकार. शुक्रवारी रात्री टीमस्नॅप ॲपवर नावं येतात, त्यात ए टीमच्या दोन मुली क्लब पासवर, म्हणजे आमच्याच क्लबच्या दुसऱ्या टीममधून त्या सामन्यापुरत्या, आलेल्या असतात. त्या दोघी पूर्ण वेळ खेळतात. परवाच्या शनिवारी तर कहर झाला. शेवटी शेवटी कोचनं हिला हाक मारली, हिनं अंगावरची पिनी (बाकावरच्या मुली जर्सीवर घालतात ते बनियन) काढून बाजूला टाकली, धावत जाऊन मधल्या रेषेपाशी उभी राहिली. पण बॉल काही बाहेर जाईना, त्यामुळे बदली होईना. ही तिथेच एका पायावरून दुसऱ्या पायावर करत उभी, आणि रेफ्रीची शेवटची शिट्टी! गाडीत एक शब्द बोलली नाही.

नवरा म्हणतो, कोचच्या कामात नाक खुपसू नकोस. सासूबाई पुण्याहून व्हॉट्सॅपवर सांगतात, उन्हातान्हात कशाला, कथ्थकला घाला. मला एवढंच कळून घ्यायचंय, की हे असं दुसऱ्या टीमच्या मुली आणणं नियमात बसतं का? फी आम्ही इतरांएवढीच भरतो, मग वेळ मागायचा आम्हाला काही हक्क आहे की नाही? आणि कोचशी बोलायचं तर कसं, म्हणजे लेकीवर राग निघणार नाही?

शनिवारची शिट्टी

मी वीकेंडला रेफ्री म्हणून उभा राहतो, त्यामुळे तेवढ्यापुरतं सांगतो.

सामन्याआधी कोच आमच्या हातात त्या दिवसाचं रोस्टर आणि फोटोवाले प्लेअर पास देतो. आम्ही नाव, जर्सीचा नंबर आणि चेहरा जुळवतो, शिन गार्ड बघतो, कानातलं काढायला लावतो. अकरा-अकराच्या खेळात सहसा एका सामन्याला 18 च नावं चालतात, जास्त असतील तर उरलेल्यांवर काट मारावी लागते. तुमच्या सोळा आणि पाहुण्या दोन, झाल्या की बरोबर अठरा. कोच हिशोबी आहे!

क्लब पास ही सोय बऱ्याच लीगमध्ये असते आणि ती खरी म्हणजे आजारपण, शाळेची सहल अशा वेळी टीम अपुरी पडू नये म्हणून. किती मुली आणता येतील, वरच्या टीममधून खाली आणता येतील का, हे लीगप्रमाणे बदलतं. तुमच्या लीगचं नियमपुस्तक साइटवर असेल, ते वाचा. कधी कधी खालून वर जायला मोकळीक असते आणि वरून खाली यायला मर्यादा.

खेळायचा वेळ मात्र रेफ्रीच्या अखत्यारीत येत नाही. एवायएसओ (अमेरिकन यूथ सॉकर ऑर्गनायझेशन) सारख्या संस्थेत प्रत्येक मुलाला निदान अर्धा सामना मिळालाच पाहिजे असा नियम आहे, 1964 पासून त्यांची तीच ओळख. ट्रॅव्हलमध्ये तशी हमी सरसकट नसते. क्लबनं स्वतःच्या हँडबुकात लिहिली असेल तरच.

कोल्हापुरी केरीकर

ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आम्ही कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार असे पेठांच्या टीमचे फुटबॉल सामने बघत मोठे झालो. तिथं पेठेच्या टीममध्ये नाव लागलं तरी पोरं सीझनभर बाहेर बसायची, कुणाची आई विचारायला गेली नाही. फी भरली म्हणून मैदानावर जागा मिळत नसते, ती कमवायची असते. मुलीला सांगा, प्रॅक्टिसमध्ये कोचला दिसली पाहिजे.

नुसता हिशोब

केरीकर, तिथं पोरांकडून वर्षाला हजारो डॉलर घेत नव्हते हो. आणि तिथली ती मोठी पोरं, ही बारा वर्षांची मुलगी. दोन्हीला एकच माप कसं लावता?

मी आकडे मांडून बघितले. अंडर 13 चा सामना 35-35 मिनिटांचा, म्हणजे 70. गोलकीपर एकच धरली तर मैदानात उरल्या दहा जागा, म्हणजे वाटायला एकूण 700 मिनिटं. उरलेल्या पंधरा मुलींत सारखी वाटली तर प्रत्येकीला साधारण 47. आता पाहुण्या दोघी पूर्ण 70 मिनिटं खेळल्या असं धरा, 140 गेली. राहिली 560. तरी पंधरा जणींना सरासरी 37 येतात!

म्हणजे तुमच्या लेकीची बारा मिनिटं पाहुण्यांनी खाल्लेली नाहीत. कोच आपल्याच मुलींत वाटप तिरकं करतोय. पाहुण्या आल्यानं ते डोळ्यावर आलं इतकंच. तेव्हा भांडायचंच तर क्लब पासवरून भांडू नका, तिथं तो नियम दाखवून मोकळा होईल. शिवाय या वयात बहुतेक लीगमध्ये बदल्या हव्या तितक्या करता येतात, बाहेर गेलेली मुलगी परत आत येऊ शकते. त्यामुळे वाटप करायला अडचण होती असंही त्याला म्हणता येणार नाही.

जर्सीतली आई

बापरे, हा हिशोब डोक्यातच आला नव्हता. मी त्या दोन मुलींवरच चिडून बसले होते, बिचाऱ्या त्यांचं काय! त्यांना तर एका वीकेंडला दोन दोन सामने खेळावे लागतात.

केरीकर, राग नाही. पण प्रॅक्टिसमध्ये दिसायचं म्हणजे नक्की काय, ते तरी कुणी तिला सांगायला नको का? ‘मेहनत कर’ याच्यापुढे कोच काही बोलत नाही.

दोन मुलांची टॅक्सी

तुमच्या पोस्टमधली एक गोष्ट कुणी उचललीच नाही. ऑक्टोबर 2013!

2025-26 च्या या सीझनपर्यंत वयोगट 1 जानेवारी ते 31 डिसेंबर असा आहे. म्हणजे तुमची लेक जानेवारी 2013 च्या मुलींबरोबर खेळते, जवळजवळ दहा महिने मोठ्या. या वयात दहा महिने म्हणजे उंचीत, वेगात, ढकलाढकलीत केवढा फरक पडतो ते मैदानाच्या कडेला उभं राहून बघा. नऊ-नऊमध्ये पायात खेळ असला की निभावतं. अकरा-अकराच्या मैदानावर पळण्यालाच जास्त भाव येतो आणि वर्षाच्या शेवटी जन्मलेली पोरं पहिली बाकावर जातात. माझ्या डिसेंबरवाल्या मुलाचं डिट्टो हेच झालं.

आता चांगली बातमी. 2026-27 च्या सीझनपासून यूएस यूथ सॉकर, यूएस क्लब सॉकर आणि एवायएसओ, तिघांनीही वयोगट 1 ऑगस्ट ते 31 जुलै करायचं ठरवलंय. म्हणजे पुढच्या वर्षीचा अंडर 13 हा ऑगस्ट 2013 ते जुलै 2014 वाल्यांचा. तुमची लेक आत्ता तिच्या गटात लहान आहे, तिथे ती मोठ्यांपैकी असेल, आणि बहुतेक स्वतःच्याच वर्गातल्या मुलींबरोबर खेळेल. अकरा-अकराचं एक वर्ष गाठीशी असलेली मुलगी कुठल्याही कोचला हवी असते. सगळ्या टीम नव्यानं बांधल्या जाणार आहेत, तेव्हा आत्ता भांडून क्लब सोडण्यापेक्षा ट्रायआउटची (निवड चाचणीची) तयारी करा, आणि दोन-तीन क्लबांत करा.

ट्रायआउटनंतर ऑफर आली की सही करायला सहसा दोन-चार दिवसच देतात. तेवढ्यात विचारून घ्यायचं: टीममध्ये एकूण किती मुली घेणार? अकरा-अकराला 18 भरणार असाल तर माझ्या मते ते क्लबच्या गल्ल्यासाठी, मुलींसाठी नाही. पंधरा-सोळा बरं. क्लब पास कधी वापरता? कमीत कमी वेळेबद्दल काही लेखी आहे का? ‘आम्ही विकासावर भर देतो’ असं गुळमुळीत उत्तर आलं तर समजून जा.

आणि कोचशी बोलणं. बहुतेक क्लबांत सामन्यानंतर 24 तास पालकांनी काही बोलायचं नाही असा दंडक असतो, तो पाळा. मेल लेकीलाच लिहू दे, तुम्ही सीसीत राहा. सेफस्पोर्टच्या, म्हणजे खेळाडू मुलांच्या सुरक्षिततेच्या, नियमांमुळे कोचला अल्पवयीन मुलीशी एकटीशी खासगीत मेसेज करता येत नाहीत, त्यामुळे सीसीत पालक असणं त्यालाही सोयीचं. त्यात ‘मला कमी वेळ का’ नको. ‘मी कुठल्या जागेवर खेळावं असं तुम्हाला वाटतं आणि त्यासाठी कुठल्या दोन गोष्टी सुधारू’ एवढंच. याला ‘मेहनत कर’ हे उत्तर पुरत नाही, त्याला नीट लिहावंच लागतं.

शनिवारची शिट्टी

वरच्याला अनुमोदन. एक पुस्ती: बदलीसाठी मुलगी मधल्या रेषेपाशी खेळ थांबायच्या आत तयार उभी हवी, हे खरं. पण बदली मागायला शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत थांबणं हा कोचचा निष्काळजीपणा आहे. बॉल बाहेर जाईल याची वाट बघत राहिलेल्या मुली मी दर सीझनला बघतो.

जर्सीतली आई

सगळ्यांचे आभार. नियमपुस्तक काढून वाचलं. आमच्या लीगमध्ये क्लब पासवर एका सामन्याला ठरावीक मुली चालतात आणि आमचा कोच त्या मर्यादेत आहे, तेव्हा तो विषय मी सोडला. लेकीनं मेल लिहिला, मी फक्त स्पेलिंग बघितलं. कोचचं उत्तर चक्क चार ओळींचं आलं: लेफ्ट बॅकला खेळवून बघतो, डावा पाय वापर, आणि बॉल पायात यायच्या आधी मान वळवून मागे बघ. आता घरामागे गॅरेजच्या दारावर डाव्या पायानं धडाधड चाललंय, शेजारी कधी तक्रार करतात बघायचं.

ट्रायआउट मे महिन्यात आहेत. एडिसन, साउथ ब्रन्सविक, मनरो या बाजूला नवीन अंडर 13 मुलींची टीम बांधणारे क्लब कुणाच्या माहितीत असतील तर विपूत (माझ्या विचारपुशीत) कळवा प्लीज. कारनं अर्ध्या तासाच्या आत हवं, दोघांच्या नोकऱ्या आहेत.